शाळेच्या अडगळीतला बीबीसी मायक्रो: कीबोर्डची दुरुस्ती आणि मराठी रॉम

डिसेंबर १९८१ मध्ये केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने बीबीसी मायक्रो हा छोटा संगणक बाजारात आणला आणि १९८४ पासून शाळांना संगणकाची ओळख करून देणाऱ्या केंद्र सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पातून तो आपल्याकडच्या शाळांत आला. पहिल्या टप्प्यात देशभरातल्या सुमारे अडीचशे शाळा होत्या. सातारा जिल्ह्यातली माझी शाळा त्यांपैकीच. तिथला एक संगणक मी रीतसर विकत घेतला, चालू केला, त्याचा कीबोर्ड दुरुस्त केला आणि मराठी अक्षरं उमटवणारी रॉम चिप (वीज गेली तरी आतला मजकूर टिकवणारी) त्यात बसवली. अर्ज केला जून २०२३ मध्ये, काम हातावेगळं झालं ऑगस्ट २०२४ मध्ये. शोधत होते तेव्हा मराठीत या विषयावर मला काही सापडलं नाही, म्हणून खर्च, कागदपत्रं आणि वेळ यांसकट सगळं लिहून ठेवते आहे. कुणाच्या शाळेत किंवा घराच्या माळ्यावर असं यंत्र असेल, तर ते भंगारात जाण्याआधी एकदा उघडून बघा.

सगळ्यात लांबचा पल्ला यंत्र हातात येण्याचाच होता. शाळेची वस्तू, मग ती कितीही वर्षं बंद असो, जडसंग्रह नोंदवहीत असते. मुख्याध्यापक पहिल्याच भेटीत म्हणाले, “ताई, तुम्ही आमच्याच विद्यार्थिनी, द्यायला माझी ना नाही. पण नोंदवहीतून कमी झाल्याशिवाय मला ती फाटकाबाहेर सोडता येत नाही.” त्यांचं बरोबरच होतं. कमी करायची तर निर्लेखन यादी करायची, शाळा समितीचा ठराव घ्यायचा आणि वस्तू सरकारी प्रकल्पातून आलेली असल्याने वरच्या कार्यालयाची मंजुरी मागवायची.

पहिली अडचण आली ती नोंदीच्या अनुक्रमांकाची. चालू नोंदवहीत फक्त ‘जुने संगणक’ एवढंच होतं. १९८५ सालची मूळ नोंदवही शाळेच्या शिपाईमामांनी प्रयोगशाळेच्या पोटमाळ्यावरून शोधून काढली. तो अनुक्रमांक, यंत्राच्या तळाशी असलेला क्रमांक आणि दोन छायाचित्रं जोडल्यावर अर्ज पुढे सरकला. मग ऑफिसातल्या भाऊसाहेबांनी नवा मुद्दा काढला: ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेत, मग ही वस्तू नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच जायला नको का? यावर मी अर्जात ‘दुरुस्त करून जतन व शैक्षणिक वापर’ असा हेतू घातला आणि यंत्र दुरुस्त होण्याजोगं असल्याचं एका तंत्रज्ञाचं पत्र जोडलं. तेवढ्यावर त्यांचं समाधान झालं. दरपत्रक बंद लिफाफ्यात मागवलं गेलं. मी १,८०० रुपये लिहिले होते, ते मान्य झाले.

मंजुरी डिसेंबरात आली. मधले महिने नुसते वाट पाहण्याचे होते आणि त्या काळात पावसाने खोली गळते आहे असं कळलं, तेव्हा फार घालमेल झाली. मामांना फोन केला. त्यांनी त्याच दिवशी यंत्र टेबलावरून उचलून कपाटात ठेवलं. तुम्ही या वाटेने जाणार असाल तर प्रत्येक पत्राचा जावक क्रमांक आणि तारीख लिहून घ्या. पुढच्या टेबलावर पहिला प्रश्न तोच येतो.

घरी आणल्यावर वीज लावायची घाई केली नाही. या यंत्राच्या वीजपुरवठ्याच्या पेटीत मुख्य लाइनवर दोन कपॅसिटर (वीज थोडा वेळ साठवणारे भाग) असतात, एक ०.१ आणि दुसरा ०.०१ मायक्रोफॅरडचा. त्यांचं पारदर्शक आवरण कालांतराने तडकतं, आत दमट हवा शिरते आणि वीज लावल्यावर काही मिनिटांत ते फुटून घरभर जळका धूर पसरतो. माझ्या पेटीतल्या दोन्हींवर बारीक चिरा स्पष्ट दिसत होत्या. तेवढ्याच क्षमतेचे, एक्स-टू (मुख्य लाइनवर लावायच्या सुरक्षित) वर्गाचे नवे कपॅसिटर पुण्यात बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत सहज मिळाले. सोबत २२० मायक्रोफॅरडचा एक इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरही बदलला. सगळे मिळून नव्वद रुपये. डाग द्यायला (सोल्डर करायला) आमच्या शेजारचे काका बसले होते, त्यांनी उभी हयात टीव्ही दुरुस्त करण्यात घालवली आहे. ते म्हणाले, “पोरी, पेटी उघडण्याआधी प्लग काढून रात्रभर ठेव, आणि तरीही मीटर लावून बघितल्याशिवाय आत बोट घालू नकोस.” हा सल्ला मी जसाच्या तसा तुम्हाला देते.

झाकण उघडणं मात्र सोपं. मागे दोन आणि खाली दोन स्क्रू असतात आणि त्यांच्याशेजारी ‘फिक्स’ असं कोरलेलं असतं. एकॉर्नने हे यंत्र लोकांनी उघडावं म्हणूनच बनवलं होतं, हे आत पाहिल्यावर पटतं. कीबोर्ड वेगळ्या बोर्डावर आहे आणि सतरा तारांच्या चपट्या पट्टीने मुख्य बोर्डाला जोडलेला आहे. तो उचलला की खाली उजव्या कोपऱ्यात पाच सॉकेट ओळीने दिसतात: डावीकडचं पहिलं कार्यप्रणालीचं (ऑपरेटिंग सिस्टिमचं), बाकीची चार ‘साइडवेज’ रॉमची. साइडवेज अशासाठी की ३२७६८ ते ४९१५१ या पत्त्यांच्या एकाच १६ किलोबाइटच्या जागेत या चिप आळीपाळीने आणल्या जातात. एका वेळी प्रोसेसरला त्यातली एकच दिसते. त्यामुळे ६४ किलोबाइटपलीकडे न पाहू शकणारा ६५०२ प्रोसेसर कितीतरी जास्त रॉम वापरू शकतो. चाळीस वर्षांपूर्वीची ही युक्ती मला अजूनही फार सुंदर वाटते.

जानेवारीत पहिल्यांदा वीज लावली. आधी एक लांब घोगरा सूर आणि मग छोटी शिट्टी, असा या यंत्राचा आवाज असतो. तो आला. ध्वनीची चिप सुरुवातीला मोकाट वाजते, कार्यप्रणाली जागी झाली की तिला गप्प करते आणि मग शिट्टी देते. म्हणून दुसरी शिट्टी ऐकू आली की प्रोसेसर, मेमरी आणि मुख्य रॉम बहुतेक ठीक आहेत असं समजावं. घोगरा सूर थांबलाच नाही, तर सगळ्या सॉकेटमधल्या चिप हलकेच उचलून पुन्हा बसवून पाहा. पाय काळे पडल्याने असं बऱ्याचदा होतं.

बदल करण्याआधी मूळ चिपच्या प्रती घ्या. हे काम कुणीही टाळू नये, कारण त्या चिपही तेवढ्याच म्हाताऱ्या आहेत. चिप वाचणारं आणि भरणारं प्रोग्रॅमर यंत्र मी ५,६०० रुपयांना घेतलं. प्रत्येक चिप त्यात घालून वाचली, फायली जपून ठेवल्या, त्याच चिप दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचून दोन्ही फायली सारख्या आहेत ना ते पाहिलं. बेसिक या यंत्रातल्या प्रोग्रॅमिंग भाषेची आवृत्ती जाणून घ्यायची एक सोपी खूण आहे. यंत्र चालू करून ‘रिपोर्ट’ टाइप केलं की कॉपीराइटची ओळ येते. तिथे १९८२ दिसलं तर बेसिक-दोन, १९८१ दिसलं तर बेसिक-एक. माझ्याकडे दुसरी आवृत्ती निघाली, आणि पुढच्या कामाला तीच हवी होती.

आता कीबोर्ड. बटणं दहा स्तंभ आणि आठ ओळींच्या जाळीत बसवलेली असतात. बोर्डावरचा एक काउंटर सतत स्तंभ मोजत राहतो, शिफ्ट-कंट्रोल सोडून कुठलंही बटण दाबलं की प्रोसेसरला इशारा जातो आणि मग कार्यप्रणाली नेमकं कुठलं ते शोधते. हे कळलं की दोष शोधणं सोपं जातं. एकाच स्तंभातली सगळी बटणं मेली असतील तर दोष चिपमध्ये किंवा तांब्याच्या वाटेत, विखुरलेली एकेक बटणं मेली असतील तर दोष स्विचमध्ये. ब्रेक बटण या जाळीत नाही, ते थेट रिसेटच्या तारेवर आहे. बाकी सगळा कीबोर्ड गप्प असूनही ब्रेक चालतो, तो यामुळेच.

माझी विखुरलेली बटणं बंद होती: एम, आठचा आकडा, कॉपी आणि आणखी काही. बटणाची टोपी सरळ वर ओढून काढायची, स्विचच्या दांड्याभोवती आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब सोडायचे आणि दांडा शेपन्नास वेळा दाबायचा. बरीचशी एवढ्यानेच जिवंत झाली. जी झाली नाहीत त्यांचे स्विच डाग उपसून काढावे लागले. जुन्या बोर्डावरची तांब्याची गोल चकती फार नाजूक असते. आधी ताजा डाग वितळवून जुन्यात मिसळायचा आणि मगच पंपाने ओढायचं. कोरड्या जुन्या डागावर सोल्डरिंग आयर्न धरून ठेवलं तर चकती उखडून येते. स्विचला दोनच पाय असतात, पण घाई चालत नाही. संध्याकाळी दोन-तीनपेक्षा जास्त मी केले नाहीत.

नवे स्विच इथे मिळेनात. तोपर्यंत फंक्शनच्या लाल बटणांपैकी एफ-नऊचा स्विच काढून एमच्या जागी बसवला. दोन्ही एकाच जातीचे असतात. मग इंग्लंडमधल्या एका विक्रेत्याकडून वापरलेले स्विच आणि चपटी पट्टी मागवली, टपालासह २४ पौंड. पाकीट मार्चमध्ये मुंबईला पोहोचलं आणि तिथे अडकलं. सीमाशुल्काकडून विचारणा आली: वस्तू काय, कशासाठी, किंमत एवढी कमी कशी? मी आधारची प्रत, विक्रेत्याचं बिल, बँकेतून पैसे गेल्याचा पुरावा आणि यंत्राच्या छायाचित्रासह एका पानाचं पत्र पाठवलं. एप्रिलच्या अखेरीस पाकीट सुटलं. शुल्क आणि हाताळणी मिळून मूळ किमतीच्या निम्म्याहून जास्त पैसे गेले. विक्रेत्याला आधीच सांगून ठेवा की पाकिटावर ‘संगणकाचे सुटे भाग’ आणि ८४७३ ३० हा वर्ग क्रमांक ठळक लिहावा, बिल पाकिटाच्या बाहेर चिकटवावं आणि ‘भेट’ असं लिहू नये.

ही वाट पाहताना मी ज्या कामासाठी एवढा खटाटोप मांडला होता त्याकडे वळले. बीबीसी मायक्रो सुरू होतो तेव्हा कॅप्स लॉक लागलेला असतो, कारण बेसिकला आज्ञा मोठ्या (कॅपिटल) लिपीतच लागतात. म्हणजे कॅप्स लॉक काढल्यावरची सगळी बटणं मराठीला मोकळी! १९८६ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स विभागाने भारतीय लिप्यांसाठी इनस्क्रिप्ट ही कीबोर्डची मांडणी प्रमाण ठरवली, म्हणजे या यंत्राच्याच काळातली. तीच घेतली. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, के वर क आणि शिफ्टसह ख. एक फरक करावा लागला. या कीबोर्डवर पी नंतर ॲटचं चिन्ह येतं आणि एल नंतर अर्धविराम व कोलनची बटणं येतात, तेव्हा ड, च आणि ट या अक्षरांना मी छापील चिन्ह न पाहता बोटाच्या जागेप्रमाणे बसवलं.

अक्षरं रेखाटायला मे महिना गेला. एका अक्षराला आठ बाय आठ ठिपके, म्हणजे आठ बाइट. सगळ्यात वरची ओळ मात्रा, वेलांटीचा फाटा आणि अनुस्वार यांना, दुसरी शिरोरेघेला, सगळ्यात खालची उकाराला. मधे उरतात पाच ओळी. पाच ओळींत घ आणि ध वेगळे कसे दिसणार, म आणि भ कसे? उत्तर शिरोरेघेतच होतं. ध, भ आणि थ यांची रेघ सलग नसते. तिथले दोन ठिपके मोकळे सोडले आणि डोळ्याला फरक कळू लागला. ळ ने सगळ्यात जास्त वेळ घेतला. मराठी म्हणायची आणि ळ नीट दिसायचा नाही हे मला चालणार नव्हतं, म्हणून तो अगदी मनासारखा होईपर्यंत पुढे गेले नाही.

या यंत्राचा पडदा वेगवेगळ्या ‘मोड’मध्ये चालतो. नेहमीच्या मोड सातमध्ये हे काहीच जमत नाही, कारण तिथली अक्षरं टेलिटेक्स्टच्या (टीव्हीवर मजकूर दाखवण्याच्या पद्धतीच्या) स्वतंत्र चिपमध्ये कायमची कोरलेली असतात. म्हणून मोड चार घेतला: चाळीस स्तंभ, दोन रंग, पडद्यासाठी दहा किलोबाइट मेमरी. दुसरी अडचण अशी की नेहमीच्या लेखनात नवं अक्षर उमटलं की त्या चौकोनातलं जुनं पुसलं जातं, मग म वर मात्रा चढवायची कशी? यावर व्हीडीयू ५ ही आज्ञा आहे. ती दिली की अक्षर चित्रासारखं रेखाटलं जातं, फक्त त्याचे पेटलेले ठिपके उमटतात आणि खालचं शाबूत राहतं. मात्रा टाइप झाली की एक घर मागे जायचं आणि वरून रेखाटायचं. पहिल्या वेलांटीला उलटी कसरत लागते, कारण ती टाइप होते नंतर आणि दिसते आधी. तेव्हा शेवटचं अक्षर पुसून, वेलांटी काढून, अक्षर पुन्हा काढायचं. काना असलेल्या व्यंजनांची अर्धी रूपंही अशीच येतात. व्हीडीयू ५ ची मर्यादा म्हणजे पान वर सरकत नाही, तळाशी पोहोचलं की लेखन पुन्हा माथ्यावरून सुरू होतं. पत्र किंवा कविता लिहायला ते पुरतं.

शहाण्णव अक्षररूपं झाली, म्हणजे ७६८ बाइट. ती १६० ते २५५ या क्रमांकांवर ठेवली. एफएक्स २०,३ ही आज्ञा त्यासाठी मेमरीत जागा मोकळी करते. ती दिल्यावर बेसिकचा ‘पेज’ (कार्यक्रम, म्हणजे प्रोग्रॅम, मेमरीत जिथून सुरू होतो तो पत्ता) तेवढाच वर न्यायला विसरू नका, नाहीतर कार्यक्रम आणि अक्षरं एकमेकांवर चढतात.

रॉममधला कार्यक्रम मी लॅपटॉपवर लिहिला आणि बीबीसी मायक्रोची नक्कल करणाऱ्या प्रणालीत आधी तपासला. कार्यप्रणाली चिपला रॉम म्हणून ओळखते ती तिच्या सुरुवातीच्या ठरलेल्या बाइटवरून: सेवेचा पत्ता, प्रकार, नाव, आणि शून्यानंतर कंसातला सी. हा कंसातला सी जागेवर नसेल तर बाकी सगळं अचूक असूनही चिप अदृश्य राहते. माझ्या चिपला ‘भाषा’ हा प्रकार दिला नाही, फक्त ‘सेवा’ दिला. सगळ्यात उजवीकडच्या सॉकेटला अग्रक्रम असतो आणि तिथे भाषा असलेली चिप बसवली तर यंत्र बेसिकऐवजी तिच्यातच सुरू होतं.

चिप भरताना २७१२८ या पुसून पुन्हा भरता येणाऱ्या जातीच्या जुन्या चिपचं व्होल्टेज तपासून घ्या. जुन्या २७१२८ ला २१ व्होल्ट लागतात, ‘ए’ लागलेल्या किंवा सीमॉस (कमी वीज खाणाऱ्या) प्रकाराला साडेबारा. आजच्या स्वस्त प्रोग्रॅमरपैकी अनेक २१ पर्यंत जात नाहीत. मी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सीमॉस प्रकारच्या वापरलेल्या चिप आणल्या, प्रत्येकी ८० रुपये. अतिनील दिव्याखाली वीस मिनिटांत त्या कोऱ्या झाल्या. भरल्यावर काचेच्या खिडकीवर अपारदर्शक चिकटपट्टी लावायची. चिपची खाच शेजारच्या चिपच्याच दिशेला आहे ना, हे बसवण्याआधी दोनदा पाहायचं.

जुलैच्या मध्यावर नवे स्विच बसवून कीबोर्ड पुरा झाला. त्याच वेळी कीबोर्डच्या बोर्डावर असलेल्या, तारेने जोडता येणाऱ्या टोकांच्या आठ जोड्यांच्या जागी छोट्या स्विचची पट्टी डाग देऊन लावली. त्यातल्या तीन जोड्या सुरुवातीचा मोड ठरवतात. सगळ्या उघड्या असल्या की मोड सात येतो, दोन योग्य जोड्या जोडल्या की मोड चार. बटणांच्या टोप्यांना हात लावला नाही. मराठी अक्षरं टोप्यांच्या पुढच्या उतरत्या बाजूला पारदर्शक पट्टीवर छापून चिकटवली, आणि ती अल्कोहोलने पुसून निघतात. मी केलेला प्रत्येक बदल असाच परत फिरवता येतो. मूळ चिप, मूळ स्विच आणि फुटके कपॅसिटर वेगवेगळ्या पिशव्यांत नाव-तारीख लिहून ठेवले आहेत. हे यंत्र माझ्यानंतर दुसऱ्या कुणाकडे जाईल तेव्हा त्याला निवड करता यायला हवी.

४ ऑगस्टला स्टार-हेल्प टाइप केलं आणि यादीत कार्यप्रणालीच्या नावाच्या वर माझ्या चिपचं नाव आलं. कॅप्स लॉकचा दिवा विझवून मी ‘बाळ’ लिहिलं. काका शेजारी होते. ते बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले, “शाळेत असताना तुम्हाला हे मिळायला हवं होतं.” मला खूप भरून आलं.

खर्च असा झाला: यंत्र १,८००, प्रोग्रॅमर ५,६००, अतिनील दिवा १,४५०, सोल्डरिंग आयर्न, पंप आणि अल्कोहोल मिळून १,७००, इंग्लंडहून आलेलं सामान शुल्कासह सुमारे ४,०००, चिप आणि किरकोळ ६०० च्या आसपास. प्रोग्रॅमर आणि दिवा ओळखीच्या एखाद्या पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत वापरायला मिळाला तर जवळपास निम्मा खर्च वाचतो. आधी तिथे विचारा.

रफार अजून राहिला आहे. वरच्या एकाच ओळीत रफार, मात्रा आणि अनुस्वार तिघांना जागा हवी असते, आणि सध्या ‘वर्षा’ लिहिलं तर र पाय मोडूनच दिसतो. दोन चौकोन उंचीची अक्षरं करून पाहते आहे. त्याला पडद्यावरच्या ओळी बत्तीसवरून सोळावर येतील, पण ऱ्हस्व-दीर्घ उकारही मोकळे दिसतील. शाळेच्या नोंदवहीत या जातीचं आणखी एक यंत्र आहे. ते शाळेतच राहावं असा नवा अर्ज केला आहे, आणि त्याच्यासाठी कपॅसिटरची जोडी व भरलेली चिप तयार ठेवली आहे.